कुशीवर

गोव्याला म्हटल्याबरोबर सगळे हसतात.
मामा, इस्त्रीवाला, समोरच्या गच्चीतले पटेलकाका:
"आर्किटेक्चर? हां हां, गोव्यातच छान शिकवतात!"
शाल्मली हसते. मीही हसतो.
बडोद्यात या विषयावर एवढंच बोलायची पद्धत आहे.

दारू इथे नाही. कायद्याने नाही.
म्हणजे काळ्या पिशवीत आहे, स्कूटरच्या डिकीत आहे,
लग्नात मांडवामागे कुणाच्या तरी गाडीच्या आडोशाला आहे,
पण जेवताना तिचं नाव निघत नाही.

दांडिया बाजारात अठ्ठावीस वर्षं औषधं विकतोय.
चिठ्ठी नसलेली, खोकला नसलेली,
खोकल्याच्या दोन बाटल्या मागणारी पोरं
मी पायरीवरच ओळखतो.
"नथी," म्हणतो, आणि हिशेबाच्या वहीत बघतो.
कुठल्या गोळीवर काय घ्यायचं नाही, तोंडपाठ आहे.
परक्यांना सांगतो सगळं.
मधे काउंटर असला की बरं पडतं.

म्हणून तिला सेव-उसळ खायला नेलं.
(वैशालीने ढकललं, खरं तर:
"तू बोल. मी बोलले की भांडण होतं.")
बिलाच्या पाठीवर मुद्दे लिहून नेले होते,
एक, दोन, तीन, चार.
"तुझा ग्लास," मी सुरू केलं.
"ग्लास नजरेआड करायचा नाही," ती म्हणाली,
"कुणी दिलेली गोळी घ्यायची नाही,
प्यायलेल्याच्या गाडीवर बसायचं नाही. माहितीये, बाबा.
पुढचं?"

पुढचं कागदावर नव्हतं.

"हेमंत खानविलकर."
"तो फोटोतला? हार्ट अटॅकवाला?"
हो. तो.

त्र्याण्णवचा डिसेंबर. वापीपर्यंत गाडी, तिथून रिक्षाने दमण.
आम्ही चौघं. हेमूची पहिलीच वेळ.
साडेदहाला तो खाटेवर पडला, उताणा.
हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या,
मग कुणीतरी म्हणालं,
कुणीतरी नाही, मीच म्हणालो,
"झोपू दे. सकाळपर्यंत उतरेल."
खाली लॉजवाल्याकडे फोन होता.
डॉक्टर आला तर नावं विचारणार,
नावं विचारली तर घरी कळणार.
आम्ही पत्ते खेळलो. मी जिंकत होतो.
पहाटे गारठा वाढला, म्हणून त्याच्या अंगावर
चादर घालायला उठलो.

हार्ट अटॅक हा शब्द आम्ही परतीच्या वाटेवर ठरवला.
त्याच्या वडिलांनी कागद वाचला असणारच.
त्यांनीही तोच शब्द वापरला.
हेमूची आई अजून महिन्याच्या महिन्याला
बीपीच्या गोळ्या न्यायला येते,
रुमालातले सुट्टे मोजून देते.
मी दहा टक्के कमी लावतो.

रश्शावर तवंग धरला.
शाल्मली बऱ्याच वेळाने म्हणाली,
"कुशीवर वळवायचं."
"काय?"
"उताणं ठेवायचं नाही. कुशीवर. वरचा गुडघा पुढे,
हात असा, गालाखाली.
आणि कुणीतरी जवळ बसायचं. आणि फोन."
माझाच हात उचलून तिने माझ्या गालाला लावून दाखवला,
भर गर्दीत, शेजारच्या प्लेटवाला बघत होता.
मला माहीत होतं ते.
शटर अर्धं ओढून एका पुस्तिकेत वाचलं होतं,
सहा वर्षं उशिरा.

"तो फोन," मी म्हटलं, "मला करशील?"
"तू ओरडशील."
"ओरडेन बहुतेक.
पण आधी पत्ता विचारेन."
तिने माझ्या प्लेटमधली उरलेली सेव उचलली.
मुद्द्यांचा कागद तिच्या वाटीखाली होता,
तेलाने तीन नंबरचं अक्षर फुटलं होतं.

कीर्तिस्तंभाजवळ सिग्नलला, मागच्या सीटवरून:
"आईला माहितीये हे?"
"नाही."
"आणि हेमूकाकाच्या आईला?"
दिवा हिरवा झाला होता.
मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.